संवर्धनाच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरवताय? आधी क्रम नीट लावा

वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूंचं जतन-संवर्धन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं बऱ्याच ठिकाणी एकाच क्रमाने भरतात. आधी हॉल मिळतो, मग प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळते, निमंत्रणपत्रिका छापून होते, आणि मग कुणीतरी विचारतं, "वस्तू कुठल्या ठेवायच्या?" पुढचं सगळं ठरलेलं असतं. सर्वांत जास्त चकाकणारी भांडी पुढे येतात, मालकाची परवानगी फोनवर घेतली जाते, फलक आदल्या रात्री लिहिले जातात, आणि ओल्या रंगाचा वास हॉलमध्ये दरवळत असतानाच चांदीची वस्तू शोकेसमध्ये बंद होते.

हा क्रम उलटा हवा: वस्तू आधी, हॉल नंतर. खालचे टप्पे आठ-दहा वस्तू, एक मध्यम हॉल आणि दहा दिवसांचं प्रदर्शन धरून लिहिले आहेत. आवाका मोठा असला तरी क्रम तोच राहतो.

१. हंगाम ठरवा, तारीख नंतर

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात असं प्रदर्शन भरवू नये. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, कागद फुगतो, चामड्यावर बुरशी धरते आणि लोखंड पुन्हा गंजायला लागतं. विदर्भात उलट एप्रिल-मे टाळावा, त्याचं एक खास कारण सहाव्या टप्प्यात येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बहुतेक ठिकाणी सोयीचा.

तयारीला किमान चार महिने धरा. त्यातला सर्वाधिक वेळ परवानग्या आणि शोकेस खातात. वस्तूंवरचं काम तर अभ्यासक्रमात झालेलंच असतं.

तपासणी: हॉलचा एसी रात्री बंद होतो का, हे आत्ताच विचारा. दिवसा एसी आणि रात्री बंद हॉल या चढउतारापेक्षा पंख्यावर चालणारा, पण दिवसरात्र सारखा राहणारा हॉल कित्येकदा बरा.

२. वस्तू निवडताना चमक बघू नका

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. विद्यार्थी आपली "सर्वांत सुंदर झालेली" वस्तू पुढे करतात आणि मार्गदर्शकही मान डोलावतात. मग सगळं प्रदर्शन 'आधी काळं, नंतर गोरं' अशा जोड्यांचं होतं. प्रेक्षक घरी जातो तो एवढंच समजून, की इथे भांडी चांगली घासून मिळतात.

निवडीचा माझा निकष एकच आहे: या वस्तूवर काम करताना विद्यार्थ्याला कुठे थांबून निर्णय घ्यावा लागला? तसा निर्णय नसेल तर वस्तू कितीही देखणी असो, ती बाजूला ठेवावी. उदाहरणार्थ, देव्हाऱ्यातला चांदीचा टाक. वर्षानुवर्षं घासून देवाचा चेहरा जवळजवळ सपाट झालेला, आणि उठावाच्या खोबणीत तेवढा काळा थर उरलेला. तो थर काढला तर उरलीसुरली रेषाही डोळ्यांना दिसेनाशी होते. विद्यार्थ्याने तो ठेवला. वर्षभरात चकाकवलेल्या दहा तांब्यांपेक्षा हा एक टाक जास्त शिकवतो.

त्यामुळे यादीत या तीन प्रकारची प्रत्येकी एक वस्तू असायलाच हवी:

- जिच्यावर मुद्दाम काहीच केलं नाही, फक्त योग्य पेटी आणि आधार तयार केला.
- जिचं काम अर्ध्यावर थांबवलं, आणि का थांबवलं ते सांगता येतं.
- जिच्यात भरलेला भाग जवळून ओळखू येतो. इंग्रजी परंपरेत यासाठी एक जुनी मोजपट्टी आहे: सहा फुटांवरून भर दिसू नये, सहा इंचांवरून दिसावी. प्रेक्षकांना ती प्रत्यक्ष करून बघायला लावा. जमिनीवर सहा फुटांची खूण करा, पुढचं काम ते स्वतः करतात.

सरावाच्या वस्तूही ठेवाव्यात. पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून आणलेला फुटका माठ, गंजकी कुलपं, रद्दीतलं पुस्तक. त्यांच्यावर केलेल्या चाचण्यांच्या पट्ट्या, फसलेले जोड आणि जास्त घासला गेलेला कोपरा दाखवायला कुणाच्या भावना आड येत नाहीत. फक्त त्यांच्यावर "सरावासाठी घेतलेली वस्तू" असं ठळक लिहा. नाहीतर कुणीतरी तक्रार घेऊन येणारच.

सावध: ब्राँझवर फिकट हिरवी, पावडरीसारखी सुटणारी ठिपकेदार वाढ दिसली तर ती वस्तू प्रदर्शनातून वगळा. ते क्लोराइडमुळे चालू असलेलं क्षरण आहे, हवेतल्या दमटपणात ते वाढतच जातं. कागदावर किंवा लाकडावर ताजा भुसा दिसला तर तीही थेट विलगीकरणात. एका पोथीतली कीड बाकीच्या पोथ्यांना उद्घाटनाचं निमंत्रण देत नाही, ती थेट पोचते.

३. परवानगी तोंडी नको

वस्तू संग्रहालयाची असेल तर मार्ग सरळ आहे. खासगी घरांतल्या, देवस्थानांच्या आणि वाचनालयांच्या वस्तूंबाबत गडबड होते. ट्रीटमेंटसाठी दिलेली संमती ही प्रदर्शनासाठीची संमती नव्हे. एका साध्या पानावर या गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या आणि प्रत्येकीपुढे सही घ्या:

वस्तू प्रदर्शनात ठेवणं. ट्रीटमेंटच्या आधीचे फोटो दाखवणं. मालकाचं नाव लावणं किंवा न लावणं. प्रेक्षकांना फोटो काढू देणं. समाजमाध्यमांवर टाकणं. वस्तू कधी आणि कोण परत आणून देणार.

दुसरी बाब कुणाच्या सहज लक्षात येत नाही. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. हात तुटलेल्या देवीचा मोठा फोटो भिंतीवर लागल्यावर घरच्या आजींना काय वाटेल, हे आधी विचारायला हवं. काही कुटुंबं आनंदाने हो म्हणतात, काही वस्तू दाखवू देतात पण फोटो नाही. दोन्ही मान्य करावं. फोटोऐवजी रेखाचित्र काढून नुकसान कुठे होतं ते दाखवता येतं, आणि ते पुष्कळदा फोटोपेक्षा स्पष्टही असतं.

कायद्याची बाजू: पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात साधारणपणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष धरली जाते, वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. काही प्रकारांची नोंदणी बंधनकारक असते. तेव्हा मालकाकडे नोंदणी प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत फाइलला लावा. नसेल आणि शंका असेल तर वस्तू मांडण्याआधी संस्थेच्या पुरातत्त्व जाणणाऱ्या माणसाला विचारा.

तपासणी: हा कागद पूर्ण झालेला नसेल तर ती वस्तू यादीत नाही. "काका ओळखीचे आहेत" हा कागद नव्हे.

४. फोटो आणि स्थिती-अहवाल

प्रदर्शनाची खरी सुरुवात वस्तू प्रयोगशाळेत येते त्या दिवशी होते. आधीचा फोटो नीट नसेल तर पुढे काहीही करून तो मिळत नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून, एकाच पार्श्वभूमीवर, एकाच प्रकाशात हवा. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवायची. आधीचा फोटो ट्यूबलाइटखाली आणि नंतरचा खिडकीतल्या उन्हात काढला की अर्धं "संवर्धन" उजेडच करून टाकतो. फोटो संगणकावर उजळवू नका. जाणकार प्रेक्षक ते लगेच पकडतो आणि मग बाकीच्या फलकांवरचाही विश्वास जातो.

बाजूने तिरपा प्रकाश टाकून काढलेला फोटो भिंतीवर फार बोलका ठरतो. रंगाचे उचललेले पापुद्रे, कागदाच्या घड्या, धातूवरचे हातोडीचे ठसे त्यात उठून दिसतात.

प्रदर्शनासाठी प्रत्येक वस्तूचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे तिच्या आजच्या स्थितीची नोंद, नव्याने करा, ट्रीटमेंटचा जुना रिपोर्ट पुरत नाही. त्यावरच परतीच्या दिवशी तुलना होणार आहे.

५. शोकेस, चौथरे, आधार

शोकेस बंद असते म्हणजे आत जे काही सुटतं ते आतच साठतं. एमडीएफ, प्लायवूड आणि ताजं लाकूड आम्लाची वाफ सोडतात. शिसं तिच्याने पांढरं पडून भुगा होतं. लोकरी कापड, फेल्ट आणि रबर यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. मखमल तर उद्घाटनाच्या फोटोत छान दिसते म्हणून हमखास अंथरतात. तिचा रंग, गोंद आणि धागा कसले आहेत हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

एखादं साहित्य सुरक्षित आहे का हे बघण्याची संग्रहालयांतली प्रचलित चाचणी ओडी चाचणी या नावाने ओळखली जाते. चांदी, तांबं आणि शिशाच्या घासलेल्या पट्ट्या त्या साहित्याचा तुकडा आणि थोड्या पाण्यासह बंद काचेच्या भांड्यात ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात आणि मग पट्ट्या कशा झाल्या ते पाहतात. २८ दिवस म्हणजे जवळजवळ महिना, म्हणून ही चाचणी वेळापत्रकात आधी बसवा. विद्यार्थ्यांकडून ती करवून घेतलीत तर त्या पट्ट्या स्वतंत्र प्रदर्शवस्तू म्हणून मांडता येतात.

चाचणीची सोय नसेल तर जोखीम घेऊ नका: काच, अ‍ॅक्रिलिक, पावडर कोटिंग केलेला लोखंडी सांगाडा, पॉलिथिलीन फोम, आम्लरहित पुठ्ठा आणि दोन-तीनदा धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड एवढ्यावर भागवा. मांजरपाट उत्तम. जुनी लाकडी कपाटंच वापरावी लागली तर आतल्या पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली रोधक फिल्म लावा. रंग देणं टाळता येत नसेल तर रंग वाळल्यावर दारं उघडी ठेवून तीन-चार आठवडे जाऊ द्या. वास येतोय तोवर वस्तू आत नको. वास गेला म्हणजे सगळं संपलं असंही नाही, पण वास असताना वस्तू ठेवणं ही तर उघड चूक आहे.

आधार प्रत्येक वस्तूसाठी वेगळा करावा लागतो. पोथीची पानं सुटी असतात, त्यामुळे दोन-तीन पानं सपाट मांडून बाकी गठ्ठा पेटीत राहू द्यावा. बांधणीचं पुस्तक सपाट उघडून ठेवू नका. दोन्ही पुठ्ठ्यांना आधार देणारा तिरका पाळणा करा आणि पानं पॉलिस्टर फिल्मच्या सैल पट्टीने धरा. जुनी पैठणी खांबावरून सोडली की जरीचं वजन रेशमाला फाडतं. ती मोठ्या व्यासाच्या, कापड गुंडाळलेल्या नळीवर अर्धी गुंडाळून पदर तेवढा उतरत्या फळीवर ठेवा. माठाला बुडाशी फोमचं कडं करा, आणि भार जोडलेल्या भागावर येत नाही ना ते पाहा.

सावध: शोकेसमध्ये डांबरगोळ्या ठेवू नका. किडीचा बंदोबस्त वस्तू आत येण्याआधी करायचा असतो.

६. प्रकाश आणि हवा

लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप. कागद, कापड आणि जलरंगांसाठी ५० लक्स, तैलरंग आणि रंगवलेल्या लाकडासाठी १५० ते २०० लक्स. दगड, माती आणि बहुतेक धातूंना एवढी चिंता नाही. फोनवरच्या अ‍ॅपचा आकडा ढोबळ असतो. साधा लक्समीटर विकत घ्या किंवा भौतिकशास्त्र विभागातून मागून आणा.

प्रकाशाचं नुकसान साठत जातं, म्हणून गुणाकार करून बघा. ५० लक्स, रोज ८ तास, १० दिवस म्हणजे ४,००० लक्स-तास. तीच पोथी फोटो चांगले यावेत म्हणून ५०० लक्समध्ये ठेवली तर ४०,००० होतात, म्हणजे शंभर दिवसांचं प्रदर्शन दहा दिवसांत उरकलं. ५० लक्सचा कोपरा प्रेक्षकाला अंधारा वाटू नये यासाठी दारापासून तिथपर्यंत उजेड हळूहळू कमी करत न्या आणि बाहेर एक ओळ लिहा: "पुढे उजेड मुद्दाम कमी ठेवला आहे."

विदर्भातल्या उन्हाळ्याचं कारण हे. मातीची भांडी जोडायला आपण सर्रास पॅरालॉइड बी-७२ हा अ‍ॅक्रिलिक चिकट पदार्थ वापरतो. त्याचं मऊ पडण्याचं तापमान ४० अंशांच्या आसपास आहे. एसी नसलेला हॉल, बंद काच आणि वरून हॅलोजनचा दिवा असेल तर जोड स्वतःच्या वजनाने सरकू शकतो. म्हणून शोकेसच्या आत दिवा नको, बाहेरून एलईडी लावा.

धातूंच्या शोकेसमध्ये ओलावा शोषणारं सिलिका जेल दिसणार नाही असं ठेवा. ब्राँझसाठी आर्द्रता ४० टक्क्यांखाली राहिलेली बरी. कागद, लाकूड आणि कापड एवढ्या कोरड्यात ठेवू नका. त्यांच्यासाठी ४५ ते ५५ ठीक. म्हणजेच पितळी दौत आणि तिची पोथी एका शोकेसमध्ये कितीही शोभून दिसली तरी वेगळी ठेवलेली बरी.

७. मजकूर

लेबल ६०-७० शब्दांचं असावं, अक्षर उभ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. मराठी आधी. इंग्रजी आधी लिहून मग मराठी करायला गेलं की "सदर वस्तूवर रासायनिक प्रक्रिया करण्यात आली" अशी वाक्यं येतात आणि कुणीच वाचत नाही.

हे लेबल बघा: "पितळी समई. रासायनिक प्रक्रियेद्वारे स्वच्छ करून मूळ स्वरूपात आणली." यातून प्रेक्षकाला काहीच कळत नाही, आणि "मूळ स्वरूप" तर खोटंच आहे. आता हे: "या समईवर तेल आणि काजळीचा जाड थर होता. तो मऊ करून बांबूच्या काडीने उचलला. खालचा तपकिरी थर ठेवला आहे. तो धातूवर वर्षानुवर्षं तयार झालेला आहे. मानेजवळची भेग भरलेली नाही, कारण ती वाढत नाही आणि ही समई आता पेटवली जाणार नाही." काय होतं, काय केलं, काय केलं नाही आणि का, या चार गोष्टी आल्या की लेबल झालं. खाली विद्यार्थ्याचं नाव आणि वर्ष. मार्गदर्शकाचं नाव प्रत्येक लेबलवर नको, शेवटच्या फलकावर एकदा पुरे.

सावध: लेबलवर रसायनांची नावं आणि प्रमाण देऊ नका. माणसं फोटो काढून नेतात आणि घरच्या टाकांवर प्रयोग करतात. त्याऐवजी "घरी काय करता येईल" असा एक स्वतंत्र फलक लावा: मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकणं, वस्तू भिंतीला टेकवून न ठेवणं, पोथीला धुतलेलं सुती फडकं, फाटलेल्या पानाला सेलोटेप न लावणं.

८. मांडणीचा दिवस

हाच क्रम ठेवा, त्यात अदलाबदल नको:

१) ड्रिलिंग, खिळे, सुतारकाम पूर्ण. २) झाडू नव्हे, व्हॅक्युम आणि ओलं फडकं. ३) पुठ्ठ्याच्या, खऱ्या मापाच्या नकली वस्तू ठेवून जागा आणि उंची ठरवणं. ४) नकली वस्तूंवरच दिवे लावून लक्स मोजणं. ५) फलक आणि लेबलं. ६) सर्वांत शेवटी वस्तू.

तिसरा आणि चौथा टप्पा गाळला जातो, आणि मग शिडीवरचा इलेक्ट्रिशियन खऱ्या माठाच्या डोक्यावर दिवा फिरवत उभा राहतो. वस्तू ट्रेमध्ये किंवा ट्रॉलीवरून न्या. एक माणूस वस्तूजवळ, दुसरा वाट मोकळी करायला. धातूला नायट्राइल हातमोजे. काच आणि चिनीमातीला सुती मोजे नकोत, ते घसरतात. कागदासाठी धुऊन कोरडे केलेले हात चांगले. चहा हॉलच्या बाहेर.

उद्घाटनाबद्दल एवढंच: दीपप्रज्वलन, हार, उदबत्ती, रांगोळी हे सगळं दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये करा. काजळी, तेल, फुलांतली कीड आणि रंगीत पूड आत नको. पाहुण्यांना कारण सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट भाषणात त्याचा उल्लेख करतात.

९. वस्तूंशेजारी उभी राहणारी मुलं

विद्यार्थ्यांची पाळी लावा आणि आधी एकमेकांवर सराव करवून घ्या. ठरलेले चार प्रश्न येणार.

"चिंचेने किंवा पितांबरीने घासलं असतं तर पाच मिनिटांत लख्ख झालं असतं की!" यावर नाक मुरडू नये. रोजच्या वापरातलं भांडं घासायला काहीच हरकत नाही. पण प्रत्येक घासण्यात थोडा धातू जातो, आणि या समईवरचं नक्षीकाम परत येणार नाही, असं सांगावं. शेजारी तो सपाट झालेला टाक असेल तर बोलावंही लागत नाही.

"याची किंमत किती येईल?" आणि "हे किती जुनं आहे?" किंमत कधीही सांगू नये, अंदाजही नाही. वयाबद्दल लेबलवर आहे तेवढंच.

"आमच्या घरी पण एक आहे, बघता का?" नाव आणि फोन वहीत लिहून घ्या, पण वस्तू त्या दिवशी ताब्यात घेऊ नका. पिशवीतून काढलेली पोथी प्रदर्शनातल्या पोथ्यांशेजारी टेबलावर येणं म्हणजे किडीला मोकळं दार.

प्रात्यक्षिक ठेवायचं असेल तर रद्दीच्या कागदावर गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू या पातळ कागदाने फाटका भाग जोडून दाखवा. वास नाही, धोका नाही, आणि लहान मुलांनाही करून बघता येतं. अ‍ॅसिटोन उघडून गर्दीच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक करू नका.

१०. रोजची नोंद आणि परती

सकाळी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना प्रत्येक शोकेससमोर थांबून तापमान, आर्द्रता, काचेवरचे ठसे आणि वस्तूची स्थिती वहीत लिहा. एकाच जागेवरून रोज एक फोटो काढा. चौथ्या दिवशी चांदी किंचित पिवळसर दिसायला लागली तर पहिल्या दिवसाच्या फोटोमुळे ते नक्की करता येतं. शंका आली की वस्तू काढा आणि जागेवर पाटी लावा: "तपासणीसाठी काढली आहे." अशी पाटी प्रदर्शनाची शान घालवत नाही.

शेवटच्या दिवशी समारोपाच्या गर्दीत वस्तू उतरवू नका. दुसऱ्या दिवशी, रिकाम्या हॉलमध्ये, मांडणीच्या उलट क्रमाने: वस्तू आधी, फलक नंतर. प्रत्येक वस्तू चौथ्या टप्प्यातल्या रिपोर्टसमोर धरून तपासा आणि दोघांनी सही करा. सेंद्रिय वस्तू, म्हणजे कागद, कापड आणि लाकूड, संग्रहात थेट परत न ठेवता आधी पॉलिथिलीनच्या पिशवीत काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवा.

मालकाला वस्तूसोबत ट्रीटमेंटची पूर्ण नोंद द्या: कोणता चिकट पदार्थ, कुठे, किती, कशात विरघळतो. उद्या दुसऱ्या संवर्धकाला तो जोड सोडवावा लागला तर त्याला तेच लागेल. पोचपावतीवर सही आणि तारीख घेऊन ती तिसऱ्या टप्प्यातल्या परवानगीच्या कागदाला टाचा आणि फाइल बंद करा.